एकेचाळिसाव्या पावलाला वळण

ड्रायव्हरकाकांना पुन्हा दिसू लागलं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही साठ ठिपक्यांत.

साठ म्हणजे मोजून साठ. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या पडद्यावर नखापेक्षाही लहान अशी एक चकती बसवली होती. चष्म्याच्या मधोमध कॅमेरा, चष्म्यातून निघालेली वायर कमरेच्या पेटीत, आणि पेटीतून खूण परत डोळ्याकडे. कॅमेऱ्याला जे दिसे त्याचे पेटी ठिपके करी आणि काकांच्या अकरा वर्षांच्या काळोखात ते पिवळट दिव्यांसारखे पेटत. पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं, "कशी दिसते मी?"

"सहा दिव्यांची दिसतेस. चार उभे, दोन आडवे."

"आडवे कशाला?"

"हात कमरेवर असतील."

ते खरोखरच कमरेवर होते. ती हसली, आणि मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पण साठ दिव्यांत माणूस ओळखणं वेगळं आणि चालणं वेगळं. सुरुवातीला पेटी सगळंच दाखवायची. फरशीच्या रेघा, भिंतीवरची सावली, खिडकीतला उजेड, सगळ्यांचे दिवे. त्या झगमगाटात खुर्ची कुठली आणि खुर्चीची सावली कुठली हे कळायला काकांना इतका वेळ लागे की तोवर नडगी खुर्चीवर आपटलेली असे. मग हा प्रयोग चालवणाऱ्या केंद्रातल्या इंजिनिअरनं नवा प्रोग्राम लिहिला. हा इंजिनिअर म्हणजे तिशीतला, कमी बोलणारा, चहा गार होईपर्यंत विसरणारा माणूस. त्यानं काकांना समोर बसवून सांगितलं, "काका, आता जमीन मी पुसून टाकलीय. आडवं येईल तेवढंच पेटणार. उजेड दिसला की अडथळा. काळोख असला की रस्ता मोकळा."

"म्हणजे आजवर उलटं होतं ते सुलटं केलंत," काका म्हणाले. सव्वीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. दिवा लागला की थांबायचं, हे त्यांना कुणी नव्यानं शिकवायला नको होतं.

शिकवायचं होतं ते बाकीचं, आणि ते बाईंकडे होतं. अंधांना चालायला शिकवणं हाच बाईंचा वीस वर्षांचा धंदा. पांढरी काठी हातात द्यायची, रस्ता ऐकायला, हुंगायला, तळपायानं वाचायला शिकवायचं. त्यांचा आवाज खर्जातला होता आणि कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घालून दिला. "'थांब' हा शब्द कुणीही उच्चारला तरी पाऊल असेल तिथं गोठलं पाहिजे. कोण म्हणालं, का म्हणालं, ते मागाहून." आणि मग महिनाभर त्या नको तेव्हा, नको तिथे 'थांब' म्हणत राहिल्या. काका एकदा शिंकता शिंकता थांबले होते.

मोठ्या हॉलमध्ये फोमचे खांब, पुठ्ठ्याची खोकी, डोक्याच्या उंचीवर टांगलेली एक पाटी असं सगळं रोज वेगळ्या जागी मांडलेलं असे. काका त्यातून चालत. आरसे बघायची जुनी सवय मानेत मुरलेली होतीच. डावीकडे, समोर, उजवीकडे, पुन्हा समोर. पहिल्या आठवड्यात चाळीस धडका झाल्या, सहाव्या आठवड्यात दोन. इंजिनिअर आकडे बघून हातातला चहा खरोखर प्यायला. बाई एवढंच म्हणाल्या, "हॉलमधलं खोकं पळून जात नाही. बाहेर बघू."

बाहेर म्हणजे केंद्राच्या मागचं आवार. मागच्या दारातून निघायचं आणि सरळ पश्चिमेकडे चालायचं. वाटेत एक बाक, एक झाडाची कुंडी, एक सायकल मुद्दाम आडवी लावलेली. या सरळ वाटेच्या टोकाला माल उतरवायचा ओटा होता. वाट त्या ओट्यावरूनच जाई. पुढे ओटा संपून छातीएवढ्या खोलीवर गाड्या उभ्या राहायची जागा होती. कडेला दोन लोखंडी खांब आणि त्यांच्यात साखळी. खांबांचे दिवे पेटले की उजवीकडे वळायचं आणि बागेच्या फाटकापाशी जायचं, की फेरी संपली. पहिल्या दोन फेऱ्या ढगाळ दुपारी झाल्या आणि निर्विघ्न पार पडल्या. खांब कसे, तर दोन मेणबत्त्यांसारखे समोर उभे राहिले.

तिसऱ्या फेरीला ऊन होतं.

थंडीचे दिवस, चार वाजलेले, सूर्य कलून थेट समोर आलेला. काकांनी सायकल चुकवली, कुंडी चुकवली. खांबांचे दिवे दिसले. आणि पुढच्या पावलाला गेले. काळोख झाला. काकांच्या मनानं तो वाचला तसाच वाचला: रस्ता मोकळा. ते चालत राहिले, आणि गुडघ्याखाली साखळी थाडकन लागली. अंग पुढे झुकलं. बाईंचा हात मागून कॉलरला बसला म्हणून ते तिथंच राहिले.

"काय झालं?"

काकांच्या छातीत इंजिन फुरफुरत होतं. तोंडून निघालं ते असं: "काही नाही बाई. पाय जरा मुडपला. दिसले होते की खांब."

"नक्की?"

"दोन मेणबत्त्या. नेहमीसारख्या."

घरी जाताना ते स्वतःलाच विचारत राहिले की आपण असं का बोललो. आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याआधी या प्रयोगात एक निवृत्त मास्तर होते. मास्तरांनी एका नोंदीत प्रामाणिकपणे सांगितलं, अधूनमधून डोकं ठणकतं. आठवड्याच्या आत त्यांची पेटी बंद झाली आणि ती परत कधी सुरू झाली नाही. मास्तरांचा फोन आला होता. "भिंत झाली बघ पुन्हा," ते म्हणाले होते, "आधी भिंतीची सवय होती. आता नाही राहिली." काकांना त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात सहा दिवे उभे दिसले आणि ते मनाशी म्हणाले, एवढ्याशा उन्हासाठी हे घालवायचं नाही.

रोज झोपण्याआधी छोट्या रेकॉर्डरवर दिवसाची नोंद बोलायची असे. काकांनी बोलून टाकलं, "तिसरी फेरी. खांब नीट दिसले. पाय घसरला."

नडगीवरचा काळानिळा डाग मात्र बायकोच्या नजरेतून सुटला नाही.

"हे कशानं?"

"साखळी लागली."

"दिसली नाही?"

ती मलम लावत होती, तिचा हात थांबला. "अहो," ती म्हणाली, "पुन्हा तेच का?"

'तेच' म्हणजे काय हे जगात दोघांनाच माहीत होतं. बस चालवत असतानाच काकांची नजर कडेकडून मिटत चालली होती. समोरचं पुसट दिसे, बाजूचं हळूहळू नाहीसं होत होतं. दर वर्षी डोळे तपासायला तक्ता असायचा, आणि शेवटच्या वर्षी तो तक्ता बायकोनं कुठूनसा मिळवून त्यांच्याकडून घोकून घेतला होता. घर चालायचं होतं, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. आणखी आठ महिने त्यांनी बस चालवली. मग एका सकाळी डाव्या बाजूनं आलेला एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. माणूस वाचला. पाय मोडला, तो कायमचा आखडला. चौकशीत ठरलं की सायकलवाला चुकीच्या बाजूनं आला. काकांनी ते ठरू दिलं. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली, सगळे म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला.

"तेच नाही," काका म्हणाले. "तेव्हा बसमध्ये माणसं होती. आता मी एकटा आहे. पडलो तर मीच पडेन."

बायकोनं मलमाचं झाकण लावलं. तिचं न बोलणं काकांना चांगलं वाचता येत असे.

चौथ्या फेरीआधी त्यांनी तोड काढली होती. दारापासून खांबांपर्यंत त्यांची एकेचाळीस पावलं होतात, हे त्यांनी मोजून ठेवलं. दिवे गेले तरी पाय मोजत राहायचे आणि एकेचाळिसाव्या पावलाला उजवीकडे वळायचं. बाक, कुंडी, सायकल ही सगळी अलीकडे, दिवे जायच्या आधी लागत. तोंडावर ऊन पडलं की समजायचं, आता कॅमेरा दिपून आंधळा. चौथी फेरी निर्धोक झाली. पाचवी तर इतकी झकास की बाईंच्या तोंडून "ठीक" असा शब्द निघाला. इंजिनिअरनं पाठीवर हात ठेवला. काकांच्या पाठीला तो हात जड लागला.

मग टपालबाई आली.

हे नाव काकांनीच ठेवलेलं. ती पोस्टात पत्रांची वर्गवारी करायची; तीन वर्षांपूर्वी एका आजारात डोळे गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चालणं झपाझप, बोलणं त्याहून. काकांना ती 'सीनिअर' म्हणायची आणि केंद्रातल्या प्रत्येकाची चेष्टा करायची. "पेटी कमरेला लावली की मला बस कंडक्टर झाल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "सीनिअर, आपण दोघं मिळून फेरी मारू. तिकिटं मी फाडते." हॉलमधले खांब तिनं काकांच्या निम्म्या दिवसांत पार केले.

मंगळवारी हॉलमध्ये काका बूट घालत बसले होते तेव्हा बाई शेजारी येऊन बसल्या. "गुरुवारी चार वाजता टपालबाईची बाहेरची पहिली फेरी आहे."

"बरं."

"काठीशिवाय."

काकांचं बुटाच्या लेसला लागलेलं बोट थांबलं. "पहिलीच फेरी? माझ्या पहिल्या फेरीला काठी होती."

"होती. मी तिच्यासाठीही मागितली होती. पण तुमच्या पाचही फेऱ्यांत पेटी चुकल्याची नोंद नाही, काका. प्रयोगाच्या समितीचं म्हणणं, काठी असली की पेटीनं किती काम केलं ते कळत नाही. तुमच्या नोंदी वाचून दाखवल्या त्यांनी मला. मी काय बोलणार?"

हीच ती जागा होती. बाई शेजारी होत्या, हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं, आणि बोलायला चार शब्द पुरले असते. काकांनी लेस बांधली. सोडली, पुन्हा बांधली. "तुम्ही मागं असणारच ना?"

"दोन पावलांवर."

"मग काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या आवाजात तक्ता घोकणारा माणूस ऐकू आला.

बुधवारी दिवसभर त्यांच्या तोंडाला चव नव्हती. दुपारी फोन हातात घेतला, बाईंचा नंबर लावला, एक घंटा वाजली आणि बंद केला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुणाला लावताय?" तिनं विचारलं.

"चुकून लागला."

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "त्या पोरीला लहान मुलगी आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा."

गुरुवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं. काकांना कधी नव्हे ते मळभ गोड लागलं. आज ऊन नाही, म्हणजे आज काही होत नाही. फेरी झाली की बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवलं की माणसाला वाटतं ते झालंच. बायकोला घेऊन ते साडेतीनला केंद्रात पोचले. वाटेवरच्या बाकावर दोघं बसली. फेरी दुसऱ्याची असल्यानं काकांची पेटी बंद होती.

ओट्याकडून गाडीचा आवाज आला, मग खणखणाट. "काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"गाडी आलीय सामानाची. माणूस ढकलगाडीवर खोकी चढवतोय."

"साखळी?"

"कुठली साखळी?"

"खांबांना असते ती."

बायकोनं मान वळवून पाहिलं असावं. "खाली पडलीय. त्यानं सोडली असेल, खोकी काढायला."

काका बाकाच्या कडेला सरकले. पण आभाळ भरलेलं होतं, खांब तर जागेवर होते, आणि खांब दिसले की पोरगी वळणार होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं. इंजिनिअरचा आवाज: "सुरू करू या." बाईंचा: "मी मागे आहे." आणि टपालबाईचा: "चला, सुटली गाडी."

तिच्या बुटांना टाचा होत्या. टक, टक, टक. काका मोजू लागले. मोजायचं ठरवलं नव्हतं, पायांना सवय लागली होती ती कानांना लागली. तिची पावलं त्यांच्यापेक्षा आखूड. त्यांच्या एकेचाळिसांची तिची पन्नास तरी होतील. सात, आठ, नऊ. बाकाजवळून ती गेली तेव्हा साबणाचा वास आला. "नमस्कार, सीनिअर," ती चालता चालता म्हणाली. "दोन माणसं बसलीत. एक जाडं."

"ते मी नव्हे," बायको पुटपुटली.

अठरा, एकोणीस. सायकल चुकवल्याचा जरासा आडवा आवाज. चोवीस, पंचवीस. कुंडी. पाऊल पुन्हा सरळ, पुन्हा झपाझप. मागे बाईंच्या चपलांचा दबका आवाज, दोन पावलांवर, बरोबर.

आणि काकांच्या गालाला ऊब लागली.

आधी त्यांना वाटलं भास आहे. मग ती कपाळावर आली, पापण्यांवर आली. ढग फाटला होता. सूर्य समोरून थेट ओट्याच्या अंगानं आवारात उतरला होता. तेहतीस. चौतीस. तिला आत्ता काळोख झाला असेल, काकांना जणू तिच्या डोळ्यातून दिसलं, आणि ती काळोख तसाच वाचत असेल, जसा तिला सांगितला होता. रस्ता मोकळा. म्हणूनच तिचं पाऊल मंदावलं नाही. उलट वाढलं.

"बाई, जरा बाजूला," अनोळखी आवाज आला. ढकलगाडीची चाकं खडखडली. बाईंच्या चपला थांबल्या. टाचा थांबल्या नाहीत. चव्वेचाळीस. पंचेचाळीस.

"मध्ये आलाय तो," बायको म्हणाली, आणि तिचा हात काकांच्या दंडात रुतला.

काका उभे राहिले. सव्वीस वर्षं गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज त्यांच्या छातीत होता, तो अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

"थांब!"

टाचा बंद झाल्या.

आवारात काहीच हललं नाही. ढकलगाडीही गोठली होती. मग चपलांची धावपळ, कापड खेचल्याचा आवाज, आणि बाईंचा खर्जातला स्वर: "मागं ये. माझ्याकडे. हळू. पाय खाली ठेवू नकोस, मागं ठेव."

नंतर बायकोनं त्यांना सांगितलं: पोरीचा उजवा पाय ओट्याच्या कडेबाहेर हवेत होता. खाली सिमेंट आणि गाडीचा उघडा फाळका.

काका बाकावर परत बसले. टपालबाई जमिनीवर बसली होती म्हणे, बाई तिला धरून. पहिल्यांदा बोलली तीच. "दिसत नव्हतं काही. म्हणजे मोकळंच दिसत होतं."

मग बाईंची पावलं काकांच्या दिशेनं आली आणि समोर थांबली.

"तुमची पेटी बंद आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी तोंड उघडलं. ऐकून कळलं, असं म्हणता आलं असतं. नशीब, असंही म्हणता आलं असतं. सगळ्यांनी पाठ थोपटली असती, आयुष्यभर ते केंद्रात वीरपुरुष म्हणून मिरवले असते. गालावरचं ऊन अजून हललं नव्हतं.

"ऊन आलं की दिवे जातात," ते म्हणाले. "तिसऱ्या फेरीपासून मला माहीत आहे."

पुढचा तास आतल्या खोलीत गेला. काकांनी सगळं सांगितलं. साखळी, नडगी, एकेचाळीस पावलं. इंजिनिअरनं फक्त मधेच विचारलं, "कितव्या पावलाला जातात?" आणि काकांनी "अठ्ठाविसाव्या" म्हटल्यावर त्यानं लिहिल्याचा आवाज आला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. बोलता बोलता काका बसपाशी कधी आले हे त्यांनाही कळलं नाही. घोकलेला तक्ता, सायकलवाला, मिटलेली चौकशी. ते कुणी विचारलं नव्हतं. पण एक धागा ओढला आणि सगळाच उसवला.

"तक्ता मी पाठ करून घेतला होता," कोपऱ्यातून बायको म्हणाली. "लिहायचं असेल तर माझंही लिहा."

शेवटी बाई म्हणाल्या, "वीस वर्षांत माझं माणूस कधी पडलं नाही. आज पडलं असतं, आणि मी रात्रंदिवस विचार करत बसले असते की मी काय चुकले." त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

टपालबाई तेवढी उरली होती. ती इतका वेळ बसून ऐकत होती हे काकांच्या ध्यानातच नव्हतं.

"मला वाटलं मी किती छान चालतेय," ती म्हणाली. "समोर काळोख होता आणि मला भीती वाटत नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा. सीनिअरनं या वाटेवरून पाच फेऱ्या मारल्यात, हे मला माहीत होतं ना."

"माफ कर, असं म्हणायला तोंड नाही मला."

"मग नका म्हणू आज," ती म्हणाली. "आज मला घरी जाऊ द्या."

दोघांच्याही पेट्या दुसऱ्या दिवशी बंद झाल्या. प्रयोग थांबला. स्वयंपाकघराच्या दारात पुन्हा कुणी दिसेना. हाक आली की काका आवाजाकडे तोंड करत. त्यांनी जुनी काठी काढली. सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येत. मास्तरांना फोन करून त्यांनी सांगितलं, "तुमच्यासारखं खरं बोलायला मला एक पोरगी कडेवर उभी करावी लागली." मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "मलाही दोन दिवस लागले होते बोलायला. तू मला फार मोठा करू नकोस."

सायकलवाल्याचाही शोध काकांनी घेतला. परिवहनच्या कचेरीत जाऊन जुन्या चौकशीवर आपलं म्हणणं लिहून दिलं. बायकोनं ते वाचून दाखवलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या. कारकून म्हणाला, ते गृहस्थ दुसऱ्या गावी गेलेत, पत्ता मिळाला तर कळवू. त्यातून पुढे काय होईल याची त्यांना भीती होती, आणि ती भीती घेऊनच ते राहू लागले.

सहाव्या आठवड्यात दारावर थाप पडली. बाई होत्या. "काठी उलट्या हातात धरलीय तुम्ही," त्या आत पाऊल टाकता टाकता म्हणाल्या, आणि मग चहा घेतला.

इंजिनिअर रोज चार वाजता चष्मा स्वतः लावून आवारात उभा राहतो, असं त्यांनी सांगितलं. त्यानं दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, जमीन पुसताना कड आणि खड्डाही पुसला जात होता. आता जिथे जमीन संपते तिथे दिव्यांची आडवी ओळ लागणार होती. आणि दुसरी, कॅमेरा दिपला की चारही कोपऱ्यांतले दिवे उघडझाप करणार. "न दिसणं आणि मोकळं असणं," बाई म्हणाल्या, "ही दोन एकसारखी दिसता कामा नयेत, एवढी साधी गोष्ट. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. तुमच्या आली होती."

काकांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"समितीत तुम्हाला काढायचंच चाललं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "टपालबाई गेली होती बोलायला. म्हणाली, त्यांना ठेवा, पण त्यांच्या नोंदी मी ऐकणार आणि माझ्या त्यांनी ऐकायच्या. आणि काठी दोघांच्याही हातात. आता यावर मी काय बोलणार?" या वेळी मात्र त्यांच्या आवाजात किंचित हसू होतं.

पेट्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. काकांच्या नोंदी आता इतक्या लांब होत की टपालबाई तक्रार करी: "सीनिअर, मांजर दिसलं नाही हे ठीक, पण त्या मांजराचा स्वभाव कशाला?" तिच्या नोंदी तुटक असत आणि त्यांत जिथे जिथे ती घाबरली ते ती नेमकं सांगे. तेवढं ऐकताना काका हातातलं काम थांबवत.

जूनमध्ये ती पोस्टात परत रुजू झाली. पहिल्या सोमवारी सकाळी काका दाढी करत होते आणि फोन वाजला.

"सीनिअर." तिच्या मागे रहदारी होती. "मी मोठ्या चौकाच्या अलीकडे आहे, फुटपाथवर. चारी कोपरे लुकलुकायला लागलेत. समोरच्या काचेवरून ऊन येतंय बहुतेक. लोक धक्के मारून जातायत."

काकांनी वस्तरा ठेवला. तोंडाला अर्धा फेस तसाच. "उभी आहेस ना?"

"उभी आहे. पण पाय म्हणतात चल. खांब आत्ताच दिसला होता, मला जागा माहीत आहे."

"मलाही जागा माहीत होती."

कुणीतरी तिला काहीतरी बोललं, एक हॉर्न अगदी जवळून गेला. काकांनी आवाज सपाट ठेवला, गर्दीत ब्रेक लावताना पाय ठेवत तसा. "काठी कुठाय?"

"पिशवीत. घडी करून. ऑफिसात पहिल्याच दिवशी काठी घेऊन शिरायचं नव्हतं मला."

"उघड."

कांडी कांडीवर बसल्याचे चार कट् कट् आवाज आले. मग काठीचं टोक फरशीवर. एकदा, दोनदा. "खांब लागला," ती म्हणाली. "मी समजत होते त्याच्या हातभर अलीकडेच आहे."

"घाई नाही. मी आहे फोनवर."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी पेटी अजून लावलेली नव्हती, पण तिच्या श्वासावरून त्यांना ती कळली. दोघं न बोलता ऐकत राहिली: टोक फरशीवर, टोक दगडावर, मग रस्ता ओलांडताना कुणाचं तरी "या, या ताई," मग पुन्हा फरशी.

"पायऱ्या आल्या," टपालबाई म्हणाली. "तीन. कडेची ओळ पेटलीय, छान दिसतेय. आणि सीनिअर, संध्याकाळच्या नोंदीत हे मी सांगणार आहे. काठी पिशवीत होती, तेसुद्धा."

"सांग," काका म्हणाले. "मी ऐकेन."

फोन बंद झाला. तोंडावरचा फेस वाळून गाल ओढत होता. काकांनी पाण्यासाठी हात पुढे केला तर बायकोनं तांब्या आधीच त्यांच्या हाताशी आणून ठेवला होता.